शाळा उघडायच्या आधीचे पंधरा दिवस: वाचू द्या, बघू द्या, फक्त झोप सांभाळा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की माझ्या ओपीडीत एक तक्रार हमखास येते. पेशंट असतात आई किंवा बाबा, बीपी दाखवायला किंवा शुगरचा रिपोर्ट घेऊन आलेले. चिठ्ठी लिहून झाली की खुर्चीतून उठता उठता म्हणतात, "डॉक्टर, एक विचारायचं होतं. मुलगी दिवसभर एकतर टीव्हीसमोर, नाहीतर गोष्टींच्या पुस्तकात डोकं घालून. शाळा पंधरा दिवसांवर आली. यंदा नववी. तुम्हीच जरा समजावा तिला."

माझं उत्तर ठरलेलं असतं. "तिला काही समजवायला नको. बघू दे, वाचू दे." हे ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. डोळे बिघडतात, मेंदूवर परिणाम होतो, असं काहीतरी डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं असतं, म्हणजे घरी जाऊन सांगता येतं. पण मला जे पटत नाही ते मी सांगत नाही. चिठ्ठी लिहिता लिहिता एवढ्या विषयावर बोलणं होत नाही, म्हणून आज कारणांसकट लिहिते.

माझं मत असं आहे: शाळा सुरू होण्याआधीच्या दिवसांत मुलांनी मनसोक्त गोष्टी वाचाव्यात, मालिका आणि सिनेमे बघावेत, आणि त्याबद्दल त्यांना घरात कुणी टोमणे मारू नयेत. माझ्या अटी दोनच. पहिली, करमणूक संपणारी असावी. दुसरी, शाळेची घंटा वाजायच्या आधी झोपेचं घड्याळ जागेवर यावं. या दोन अटी पाळल्या तर बाकी भांडणाचं कारण उरत नाही.

आधी बेरीज करून बघा

शहरातल्या एखाद्या नववीच्या मुलाचा जुलैमधला दिवस घ्या. सकाळी सात ते साडेबारा शाळा, म्हणजे साडेपाच तास. दुपारी आणि संध्याकाळी मिळून क्लासचे तीन तास. रात्री गृहपाठ, प्रोजेक्ट, वही पूर्ण करणं, दीड तास. रोजचे झाले दहा तास. आठवड्याचे सहा दिवस धरले तर साठ. कारखान्यातल्या मोठ्या माणसासाठी कायद्यानं आठवड्याची मर्यादा ४८ तासांची ठेवली आहे. त्याच्यावर गेलं तर ओव्हरटाइम द्यावा लागतो. चौदा वर्षांच्या मुलाला ओव्हरटाइम कुणी देत नाही, उलट रविवारी टेस्ट सीरिज असते.

गावाकडच्या मुलांना क्लास कमी असतील, पण तालुक्याच्या शाळेला जायला एसटीची वाट बघण्यात आणि प्रवासात दोन-दोन तास जातात. थकवा तेवढाच.

या थकव्याचा हिशेब जुलै-ऑगस्टमध्ये माझ्यासमोर येतो. सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखणं, दुपारी डोकं दुखणं, पित्त, "सारखं गळून गेल्यासारखं वाटतं." अशा वेळी आम्ही आधी शरीराची कारणं तपासतो. चष्म्याचा नंबर आहे का, हिमोग्लोबिन किती, जंत झालेत का, गरज वाटली तर थायरॉइड. हे तपासायलाच हवं, कारण वयात येणाऱ्या मुलींमध्ये रक्त कमी असणं आपल्याकडे सर्रास सापडतं. पण अनेकदा सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. मग उरतात तीन कारणं: अपुरी झोप, नाश्ता न करता घराबाहेर पडणं आणि ताण. या तिन्हींवर टॉनिकची बाटली चालत नाही, तरी आईबाबा बाटलीच मागतात.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते. सुट्टीतली विश्रांती टाकीतल्या पाण्यासारखी साठवता येत नाही. मे महिन्यात भरपूर आराम केला म्हणून ऑक्टोबरच्या परीक्षेत मूल ताजंतवानं राहील, असं होत नाही. शाळा सुरू झाली की काही आठवड्यांत सुट्टीचा तजेला उतरतो. मग सुट्टीत वाचण्या-बघण्याचा उपयोग काय? उपयोग हा, की आवड मात्र टिकते. जूनमध्ये पुस्तकात रमता येणारं मूल ऑगस्टमध्ये दमून घरी आल्यावर वीस मिनिटं त्याच पुस्तकाकडे वळू शकतं. ज्याला रमायची सवयच नाही, ते मोबाइल उचलतं.

"यातून फायदा काय?" हा प्रश्न बाजूला ठेवा

वाचनाचे फायदे सांगायला मला आवडेल. आवडीनं वाचणाऱ्या मुलांचा शब्दसाठा वाढतो, लांबलचक उतारा समोर आला तरी ती घाबरत नाहीत, दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज बांधायची सवय लागते. चांगली मालिका नीट बघतानाही पात्रं लक्षात ठेवावी लागतात, मागचा धागा पुढे जोडावा लागतो. हे सगळं खरं आहे. पण हे मी मुलांसमोर बोलत नाही आणि तुम्हीही बोलू नका. फायदा सांगितला की गोष्ट औषध होते, आणि औषध कुणी आवडीनं घेत नाही.

आपल्याकडे मूल पुस्तक वाचून उठलं की लगेच विचारतात, "काय शिकलास यातून?" शाळेत १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, तेव्हा पुस्तकाबद्दल दोन शब्द बोलावे किंवा लिहावे लागतातच. घरी तरी अहवाल मागू नका. सांगावंसं वाटलं तर मूल आपण होऊन सांगेल, जेवताना सांगेल, आणि इतकं सांगेल की तुम्हाला थांब म्हणावं लागेल.

काय वाचायचं हेही त्याला ठरवू द्या. भुताच्या गोष्टी, कॉमिक्स, क्रिकेटपटूंची चरित्रं, इंग्रजी जादूगारांच्या कादंबऱ्या, आजोबांच्या कपाटातले 'किशोर'चे जुने अंक, काहीही. आपल्याला आवडलेलं पुस्तक त्याच्या टेबलावर ठेवायला हरकत नाही. "आम्ही तुझ्या वयात हे वाचलं होतं" हे वाक्य मात्र टाळा. त्या पुस्तकाचा तिथेच निकाल लागतो.

एवढं ठासून सांगायचं कारण माझ्या मोठ्या पेशंटमध्ये आहे. चाळिशीतला माणूस बीपी वाढलं म्हणून येतो. मीठ, चालणं, वजन, तंबाखू, दारू हे सगळं विचारून झालं की मी एक प्रश्न विचारते, "काम सोडून तुम्हाला काय करायला आवडतं?" बरेच जण गप्प बसतात. काही हसतात. "आवडायला वेळ कुठे असतो, डॉक्टर?" काहींचं उत्तर असतं, रात्री मोबाइल बघत पडतो. ही माणसं आळशी नाहीत, उलट फार कष्टाळू आहेत. पण डोक्याला शांत कसं करायचं, हे त्यांना कधी कुणी करू दिलंच नाही. शाळेत होती तेव्हा अभ्यास, नंतर नोकरी, नंतर हप्ते. ताण हलका करायचा एकही साधा मार्ग हाताशी नसला की माणूस तंबाखूकडे, पेल्याकडे नाहीतर स्क्रीनकडे वळतो. हे वळणं मी रोज बघते.

म्हणून नववीतली मुलगी दुपारभर कादंबरीत बुडालेली असेल तर ती वेळ वाया घालवत नाही. पुढे पन्नास वर्षं उपयोगी पडेल अशी एक गोष्ट ती शिकते आहे. फक्त हे तिला सांगू नका.

संपणारी आणि न संपणारी

आता पहिली अट. "स्क्रीन टाइम किती असावा?" असं विचारलं की सगळ्यांना एक आकडा हवा असतो. लहान मुलांसाठी आकडे आहेतही. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं की दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांपेक्षा कमी. दहाच्या पुढच्या मुलांसाठी मात्र एकच आकडा सगळ्यांना लागू पडत नाही. तिथे झोप, खेळ, अभ्यास, घरातली माणसं आणि मित्र यांना पुरेसा वेळ उरतो का, हे बघायचं असतं.

या वयासाठी मी आकड्याऐवजी एक सोपी कसोटी सांगते: जे बघतो आहेस, ते संपतं का?

पुस्तकाला शेवटचं पान असतं. सिनेमाला शेवट असतो. मालिकेच्या भागाला शेवट असतो. क्रिकेटची मॅचसुद्धा संपते. रील्स संपत नाहीत. बोट वर सरकवलं की पुढचं, ते संपायच्या आत त्याच्या पुढचं. त्यात थांबायची जागाच ठेवलेली नसते. मोठी माणसंही "पाच मिनिटं बघतो" म्हणून बसतात आणि तासानं मान वर करतात. मग तेरा वर्षांच्या मुलाकडून थांबण्याची अपेक्षा कशी करायची? मेंदूचा पुढचा भाग, जो "आता पुरे" म्हणायचं काम करतो, तो विशीच्या मध्यापर्यंत तयार होत असतो. म्हणजे मूल थांबत नाही यात दरवेळी त्याचा हट्ट नसतो.

गोष्ट संपली की मन दोन मिनिटं रिकामं होतं. त्या दोन मिनिटांत भूक लागल्याचं कळतं, लघवीला जायचं आठवतं, पाठ अवघडल्याचं जाणवतं, बाहेर मित्र हाका मारतोय हे ऐकू येतं. म्हणूनच संपणारी करमणूक जवळ करा असं मी सांगते.

आता मालिकांमध्येही ही थांबायची जागा हळूहळू काढून टाकली आहे. १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी एक भाग लागायचा. कितीही ओढ लागली तरी पुढचा रविवार उजाडेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. आमच्या पिढीत संयम जास्त होता असं मुळीच नाही. घड्याळच आम्हाला थांबवायचं. आज एक भाग संपला की काही सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो. शिवाय प्रत्येक भाग मुद्दाम अशा ठिकाणी तोडलेला असतो की पुढचा बघावाच लागेल.

म्हणून घरात हे करा:

- टीव्ही आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करता येते. ती बंद करा. पुढचा भाग लावायला रिमोट उचलावा लागला पाहिजे.
- किती भाग बघायचे हे बसण्याआधी ठरवा, आणि मुलानंच ठरवू द्या. दोन म्हटलं तर दोन. मधे येऊन "पुरे आता" म्हणत टीव्ही बंद करू नका. भाग पूर्ण होऊ द्या. अर्ध्यात बंद केलेल्या टीव्हीवरून जितकं रडणं आणि आदळआपट होते, तितकी संपलेल्या भागावरून होत नाही.
- मालिका शक्यतो हॉलमधल्या टीव्हीवर बघा, सगळ्यांनी मिळून. पडदा लांब असतो, डोळ्यांना बरं, आणि मूल काय बघतंय हे चोरून बघावं लागत नाही.
- ऑनलाइन मालिकांवर ७+, १३+, १६+ असं वय लिहिलेलं असतं. ते वाचा. आठ वर्षांच्या मुलानं ताईबरोबर बसून खुनाची मालिका बघितली तर ते रात्री एकटं झोपत नाही, आणि चार दिवसांनी "अचानक घाबरायला लागलाय" म्हणून माझ्याकडे आणलं जातं.
- ताट टीव्हीसमोर न्यायचं नाही. पडद्याकडे बघत खाताना पोट भरल्याचं लक्षात येत नाही, आणि लहानांपासून आजोबांपर्यंत सगळेच जास्त खातात.

झोपेचं घड्याळ

ही दुसरी अट, आणि डॉक्टर म्हणून माझा सगळ्यात जास्त आग्रह इथे आहे.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास. सुट्टीत ही झोप मिळते, पण तिची वेळ सरकते. रात्री एकला झोपायचं, सकाळी साडेनवाला उठायचं. साडेआठ तास झाले, मग बिघडलं कुठे?

बिघडतं १५ जूनला. सातच्या शाळेसाठी सहाला उठायचं, पण शरीर अजून एकलाच झोपायला तयार होतं. म्हणजे झोप पाच तास. हे एक दिवस चाललं तर फारसं काही होत नाही. पण तसं दोन-तीन आठवडे चाललं की चिडचिड, वर्गात पेंग, लक्ष न लागणं आणि सकाळची मळमळ सुरू होते. शिकलेलं डोक्यात पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. म्हणजे झोप कापून केलेला अभ्यास एका हातानं भरून दुसऱ्या हातानं सांडण्यासारखा आहे.

याचं शास्त्र थोडक्यात सांगते. आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं. संध्याकाळी अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढू लागतं आणि शरीराला रात्र झाल्याचा निरोप मिळतो. डोळ्यांवर तेजस्वी प्रकाश पडला की हा निरोप उशिरा पोहोचतो. वयात येताना हे घड्याळ निसर्गतःच थोडं मागे पडतं, म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला दहा वाजता खरोखरच झोप येत नाही. तो नाटक करत नसतो. शिवाय माणसाचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित मोठं असल्यामुळे उशिरा झोपण्याकडे आपण आपोआप घसरतो. लवकर झोपण्याकडे यायला मात्र प्रयत्न लागतो.

लहान मुलांच्या झोपेचा प्रश्न सरकारच्याही लक्षात आला. २०२४ मध्ये राज्य शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. पाचवीच्या पुढच्या मुलांना ती सोय नाही, म्हणजे त्यांची झोप घरालाच सांभाळायची आहे.

घड्याळ रोज पंधरा-वीस मिनिटंच मागे आणता येतं. साडेनऊवरून सहावर यायचं म्हणजे दोनशे दहा मिनिटं. भागाकार करा, अकरा ते चौदा दिवस लागतात. म्हणून या लेखाच्या नावात पंधरा दिवस आहेत. १५ जूनला शाळा असेल तर १ जूनला सुरुवात करा. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, तिथे आपापली तारीख धरून तेवढेच दिवस मागे मोजा.

सुरुवात झोपण्याच्या वेळेपासून करू नका, उठण्याच्या वेळेपासून करा. झोप जबरदस्तीनं आणता येत नाही, उठवता मात्र येतं. रोज वीस मिनिटं लवकर उठवा आणि उठल्यावर लगेच गॅलरीत, अंगणात किंवा गच्चीवर दहा-पंधरा मिनिटं उजेडात जाऊ द्या. सकाळचा उजेड घड्याळ पुढे ढकलायचं सगळ्यात स्वस्त औषध आहे. दुपारी झोपायचंच असेल तर अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. संध्याकाळनंतर चहा, कॉफी, कोला नको.

मग मालिका कधी बघायची? दुपारी. मे-जूनच्या उन्हात बारा ते चार तसंही बाहेर पाठवता येत नाही. नागपूर-अकोल्याकडे तर नाहीच नाही. पंखा लावून पुस्तक किंवा मालिका, यासाठी हीच वेळ सगळ्यात योग्य. रात्री ठरलेल्या झोपेच्या तासभर आधी पडदे बंद. मोबाइल चार्जिंगला लावायचा तो हॉलमध्ये, मुलांचा आणि तुमचाही.

अंथरुणात कागदी पुस्तक चालेल, पिवळसर दिव्याखाली. पण रहस्यकथा असेल तर तीही दोन वाजेपर्यंत जागवते, हे मी नाकारत नाही. रात्रीसाठी छोट्या गोष्टींचं पुस्तक ठेवा. एक गोष्ट संपली की दिवा बंद.

डोळे, पाठ आणि खेळ

"कमी उजेडात वाचल्यानं डोळे जातात" हे खरं नाही. डोळे दमतात, चुरचुरतात, डोकं दुखतं, पण सकाळपर्यंत ठीक होतात. काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. तासन्‌तास जवळचं बघणं आणि उन्हात-उजेडात न जाणं, या दोन्हींमुळे लांबचं कमी दिसण्याचा नंबर लागण्याचा धोका वाढतो. चीनमधल्या ग्वांगझो शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटं जास्तीचा वेळ बाहेर मोकळ्यावर दिला गेला. तीन वर्षांनी इतर शाळांमधल्या जवळपास ४० टक्के मुलांना नंबर लागला होता, तर या मुलांमध्ये सुमारे ३० टक्के. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एवढा फरक नुसत्या मोकळ्या उजेडानं पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

म्हणून पुस्तक असो वा पडदा, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरच्या वस्तूकडे बघायचं. समोरच्या इमारतीवरची टाकी चालेल. आडवं पडून, नाकाला पुस्तक लावून वाचायचं नाही. संध्याकाळी पाचनंतर किमान तासभर खेळ, घाम येईपर्यंत. पाऊस सुरू झाला तर भिजू द्या. उन्हाळ्यानंतर पहिल्या सरीत भिजून न्यूमोनिया होत नाही, फक्त घरी आल्यावर डोकं कोरडं करा. विजा कडाडत असतील तर मात्र घरात.

आणि शाळा उघडायच्या आधी एकदा डोळे तपासून घ्या. टीव्हीच्या फार जवळ बसणारं मूल बहुतेक वेळा हट्टी नसतं. त्याला लांबून दिसत नसतं.

दहावी-बारावीचं काय?

हा प्रश्न येणारच. एप्रिलमध्ये व्हेकेशन बॅच सुरू होते, अर्धा अभ्यासक्रम मेमध्ये संपवतात, मग वर्षभर उजळणी. मी क्लासच्या विरोधात नाही. काही मुलांना त्याची गरज असते. पण दहावीचं वर्ष म्हणजे दहा महिने धावायचं आहे. धावायला सुरुवात करण्याआधीच मूल दमलेलं असेल तर फेब्रुवारीत त्याचे पाय उरत नाहीत. सलग दोन आठवडे तरी असे द्या, ज्यात क्लास नाही, वर्कशीट नाही, "एक धडा तरी बघून ठेव" नाही. वर्षाच्या ५२ आठवड्यांतले दोन मागते आहे. तेवढ्यानं टक्के कमी होत नाहीत.

आणि शाळा सुरू झाल्यावर सगळं एकदम बंद करू नका. "आता पुस्तकं कपाटात, टीव्हीची केबल बंद, परीक्षेनंतर बघू" ही घोषणा घराघरात होते. त्यानं मूल जास्त अभ्यास करत नाही, चोरून बघायला शिकतं. रोज रात्री वीस मिनिटं आवडीचं वाचन आणि शनिवारी संध्याकाळी एक सिनेमा किंवा मालिकेचे दोन भाग, एवढं वर्षभर चालू राहू द्या. अगदी फेब्रुवारीतसुद्धा.

कधी सावध व्हायचं

सगळं बघणं आणि सगळं वाचणं करमणुकीसाठीच असतं असं नाही. काही मुलं काहीतरी टाळण्यासाठी पुस्तकात किंवा पडद्यात लपतात. मूल मित्रांना टाळत असेल, पूर्वी आवडणारा खेळही नको म्हणत असेल, जेवण खूप कमी झालं असेल, रात्रभर जागं राहत असेल, कारण नसताना रडत असेल, शाळेचं नाव काढलं की घाबरत असेल, तर रिमोट काढून घेऊन उपयोग नाही. त्याच्याजवळ बसा, ओरडू नका, विचारा. शाळेत कुणी त्रास देतंय का, नापास होण्याची भीती आहे का. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. "जगण्यात अर्थ नाही" असं काही बोललं तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी या. त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत मिळते. मराठीतून बोलता येतं. आईबाबाही फोन करू शकतात.

शेवटी

येत्या आठवड्यात तुम्ही वह्या, कव्हरं, रेनकोट आणि नवी वॉटरबॅग घ्यायला बाजारात जाल. यादीत आणखी एक ओळ लिहा: मुलाच्या पसंतीचं एक गोष्टीचं पुस्तक, अभ्यासक्रमात नसलेलं. विकत घ्यायचं नसेल तर गावातल्या ग्रंथालयाची वर्गणी भरा, तीही फार नसते. जमलं तर स्वतःसाठीही एक घ्या. संध्याकाळी घरातला मोठा माणूस मोबाइल बाजूला ठेवून पुस्तक घेऊन बसला, तर मुलाला वाच म्हणून सांगावं लागत नाही. आणि पुढच्या वेळी बीपी दाखवायला याल तेव्हा "तुम्हाला काय करायला आवडतं?" या प्रश्नाला तुमच्याकडेही उत्तर असेल.